न हलणारे दांडे

मुंबईहून रायपूरच्या विमानतळावर उतरणारं विमान बहुधा एअरबस ए-३२० कुटुंबातलं असतं. त्याच जातीचं, तेव्हा अगदी नवं विमान १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला उतरता उतरता कोसळलं. १४६ पैकी ९२ जण गेले. यंत्रणा ‘आयडल ओपन डिसेंट’मध्ये होती, म्हणजे इंजिनं मंदावलेली. वेग घटत गेला. बोइंगमध्ये संगणकाने जोर बदलला की थ्रॉटलचे दांडे आपोआप सरकतात. ए-३२०मध्ये ते जागीच राहतात, हाताला काहीच कळत नाही. चौकशीत ठपका वैमानिकांवर आला. मला ही रचनाही तितकीच काळजीची वाटते. चारशे, तीनशे, दोनशे फूट अशा उंचीच्या घोषणा होऊनही वैमानिकांनी दांडे पुढे ढकलले ते फार उशिरा, आणि मंदावलेलं इंजिन पूर्ण जोर धरायला काही सेकंद घेतंच.