अध्यक्ष कोण, ते नंतर

फिटरच्या वर्कशॉपमध्ये कानशी थांबल्यात, पण लोखंडाचा आणि कूलंटचा वास तसाच कोंदलेला आहे. बेंचवर बसायचं नाही, असा नियम भिंतीवर ठळक लिहिलाय आणि त्याच्याच खाली तिघं जण बेंचवर टेकलेत. कोरेगावातल्या या तंत्रशिक्षण संस्थेत मुलं आज स्वतःचं मंडळ काढताहेत. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, कोपा अशा सगळ्या ट्रेडची मिळून पंचवीस-तीस टाळकी जमलीत. मी कोपऱ्यात स्टुलावर.

गणपती नुकतेच गेलेत, त्यामुळे मंडळ म्हटल्यावर प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वर्गणी, बॅनर आणि डीजे.

"आधी अध्यक्ष कोण, ते ठरवा," वेल्डरचा एक जण म्हणतो. लगेच दोन नावं येतात, एक एकंब्याचं, एक कुमठ्याचं. दोन्हीकडे टाळ्या. आता तासभर हेच चालणार, असं मला वाटतं.

पण इलेक्ट्रिशियनची एक मुलगी लांबडं रजिस्टर उघडून बसलीय. निळा युनिफॉर्म, खिशात टेस्टर. ती वर न बघताच म्हणते, "अध्यक्ष नंतर. गेल्या वर्षी पास झालेली पोरं कुठं हायत, ते सांगा. लिहून घेते."

सगळे एकमेकांकडे बघतात. एक शिरवळला आहे, कंपनीचं नाव माहीत नाही. एक चाकणला, त्याचा नंबर बदललाय. एक जण घरीच, शेती बघतो. रजिस्टरचं पान अर्धंही भरत नाही.

मला हे अर्धं पानच या सभेचं कारण वाटतं. कॉलेजातल्या पोरांना गॅदरिंग असतं, एनएसएसची शिबिरं असतात, पुढं भाषणबाजी करायला संघटनाही असतात. आयटीआयचा प्रशिक्षणार्थी धड विद्यार्थ्यांत धरला जात नाही, धड कामगारांत नाही. कारागीर प्रशिक्षण योजना 1950 ची, शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा. कागद जुने आहेत, पक्के आहेत. पण अप्रेंटिसशिपला कुठली कंपनी बरी, कुठं नुसतं झाडू मारायला लावतात, हे कायद्यात नसतं. ते आधी जाऊन आलेल्या पोराला ठाऊक असतं, आणि त्याचा नंबर बदललेला असतो. अमेरिकेत अशा मुलांची संघटना 1965 साली उभी राहिली. स्किल्सयूएसए हे तिचं आजचं नाव. तिथं पोरं वेल्डिंगच्या स्पर्धा लढवतात आणि सभा चालवायलाही शिकतात. आपल्याकडे सभा चालवायचं वेगळं शिकवावं लागत नाही, ती आटोपती घ्यायचं शिकवावं लागेल.

फिटरचे निदेशक दारात उभे राहून ऐकताहेत. ते आत येतात.

"ह्या तालुक्याला मशीन काय नवीन न्हाई. पाडळीला, सातारारोडला, धनजीशा कूपरांनी लोखंडी नांगराचा कारखाना काढला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्यांच्यासाठी काम केलंय. त्याआधी किर्लोस्करांचे नांगर विकत हिंडायचे. तेच कूपर पुढं, 1937 ला, मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले."

"सर, तिथं आता भरती निघती का?" मागून आवाज.

हशा पिकतो. सरही हसतात. मला मात्र तो प्रश्न चोख वाटतो. इतिहासातून पोरांनी दुसरं काय विचारावं?

17 सप्टेंबरला विश्वकर्मा जयंती. त्या दिवशी पूजा आणि प्रसाद ठरलेलाच, पण यंदा ट्रेडवार स्पर्धा घ्यावी असं निघतं. फिटिंगचा जॉब कुठला द्यायचा? उत्साहानं एक जण स्वतःचा मेल-फीमेल जॉब पुढं करतो. चौकोनी खाच, तिच्यात बसणारा चौकोनी तुकडा. सर दोन्ही भाग जोडतात आणि खिडकीसमोर धरतात. सांध्यातून उजेडाची बारीक रेघ दिसते. सर तुकडा फिरवून उलटा बसवतात, तर रेघ आणखी रुंद.

"उजेड दिसतोय, लेका. गुण्या लावला होतास का?"

"लावला होता, सर."

"मग गुण्याची चूक असंल."

पोरगा कान खाजवत जॉब घेऊन आपल्या व्हाइसकडे जातो आणि सभा चालू असतानाच कानस मारायला लागतो. त्याला कुणी थांबवत नाही.

पैशाचा विषय निघाल्यावर सभेत खरी जान येते. रविवारी गावोगाव जाऊन मोटारी, पंखे, मिक्सर दुरुस्त करून द्यायचे. भाडळ्याचा एक जण म्हणतो, "आमच्याकडं वाघ्या घेवडा निघालाय, लोकांच्या हातात पैसा येतोय. मोटारीचं काम कोण बी देईल." कर्मवीरांच्या जिल्ह्यात 'कमवा आणि शिका' कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

इलेक्ट्रिशियनचे सर मात्र हात आडवा धरतात. "विहिरीवरच्या मोटारीला हात लावायचा नाही. ओलं रान, थ्री फेज, स्टार्टरच्या पेटीला झाकण नाही. तुम्ही मेन बंद करून खाली उतरणार, आणि लाइट आली म्हणून दुसराच कुणीतरी चालू करणार. काय करायचं ते हितं, टेबलावर, माझ्यासमोर."

कुरकुर होते. पण ठरतं तसंच. पंखे, मिक्सर, इस्त्र्या वर्कशॉपमध्येच घ्यायच्या. मजुरीतले निम्मे करणाऱ्याला, निम्मे मंडळाला. निम्मे की चौथाई, यावर वेल्डरवाले अडून बसतात, कारण इस्त्रीत वेल्डिंगचं काम नसतं. त्यांचं म्हणणं रास्त आहे. मग ग्रिल आणि फाटकांच्या दुरुस्तीचं कलम वाढतं.

रजिस्टरवाली मुलगी तोवर शिरवळच्या त्या माजी विद्यार्थ्याला फोन लावते, स्पीकरवर. मागं मशीनची घरघर.

"दादा, आमच्याशी बोलायला येशील का? अप्रेंटिसचं विचारायचंय."

"येतो की. पण फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर. पोचायला साडेपाच होतील."

"साडेपाचला आमच्यातल्या निम्म्या पोरी एसटीत असत्यात."

"मग सुट्टीच्या दिवशी सकाळी? आणि हे बघ, येताना सगळ्यांनी आपापले जॉब आणा. नुसते सर्टिफिकेट नकोत."

व्हाइसजवळचा पोरगा कानस थांबवून विचारतो, "कधी म्हनला?"