घर बांधताय? वायरमनचा परवाना बघितला का?

पावसाळा सरला की गावोगावी घरांची कामं निघतात. सिमेंट कुठलं, सळई किती एमएमची, याची दहा जणांकडे चौकशी होते. वायरमन मात्र ‘ओळखीतला आहे, काम येतं त्याला’ एवढ्यावर ठरतो. पण काम येणं वेगळं आणि ते करायला कायद्याने पात्र असणं वेगळं.

नियम काय सांगतो?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांनुसार वायरिंगचं नवं काम, वाढीव काम किंवा दुरुस्ती परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फतच करावी लागते. देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षकाकडे सक्षमता प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या वायरमनकडे परवाना हवा. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारख्या किरकोळ कामांना यातून सूट आहे.

‘पोराचं आयटीआय झालंय’ हे उत्तर पुरेसं नाही. वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं आयटीआय प्रमाणपत्र हा शिक्षणाचा दाखला झाला. परवाना वेगळा काढावा लागतो.

धोका कुठे असतो?

घर पूर्ण होण्याआधीच. साइटवर क्युरिंगचं पाणी, लोखंडी सळया, ओले हात आणि जमिनीवरून ओढलेली वायर, सगळं एकत्र असतं. प्लग नाही म्हणून वायरची टोकं काडीने सॉकेटमध्ये खोचून व्हायब्रेटर नाहीतर कटर मशीन चालवलं जातं.

‘एमसीबी आहे की, पडेल,’ असं बरेच जण म्हणतात. एमसीबी पडतो तो जादा लोड आला किंवा शॉर्टसर्किट झालं तर. माणसाचा जीव घ्यायला त्याहून कितीतरी कमी करंट पुरतो आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला तो कळतही नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो सप्लाय तोडतो. जाणकार वायरमन साइटच्या तात्पुरत्या बोर्डालाही आधी आरसीसीबी आणि अर्थिंग देतो.

काम देण्याआधी एवढं बघा

- ठेकेदाराच्या परवान्याचा नंबर आणि मुदत.
- कामावर येणाऱ्या वायरमनचा स्वतःचा परवाना. ठेकेदाराच्या परवान्यावर भलताच माणूस पाठवला जात नाही ना?
- साइटसाठी महावितरणची तात्पुरती जोडणी. शेजारच्या घरातून वायर ओढू नका.
- मिक्सर, व्हायब्रेटर, पंप यांना प्लग आणि अर्थिंग.

नव्या जोडणीच्या अर्जासोबत परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. काही ठिकाणी काम एक जण करतो आणि अहवालावर सही-शिक्का दुसऱ्याचा घेतला जातो. फाईल पूर्ण होते, पण वायरिंग कुणीच तपासलेलं नसतं. मीटरच्या पुढचं वायरिंग ही घरमालकाची जबाबदारी आहे. तेव्हा सही करणाऱ्याला घरी बोलवा, अर्थिंग आणि आरसीसीबी तुमच्यासमोर तपासायला लावा, मगच अहवाल घ्या.