लाल झाडांचं व्हाइटफील्ड

बंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये, इनर सर्कलला, अजून काही जुने बंगले तग धरून आहेत. 1882 मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी अँग्लो-इंडियन वसाहतीसाठी जमीन दिली, तेव्हाचं हे गाव. पुढे उतरती कौलं, मागे डेरेदार झाडं आणि झाडांवरून डोकावणारे काचेचे मनोरे. हेच दृश्य कोडॅकच्या रंगीत इन्फ्रारेड फिल्मवर टिपलं, तर झाडं किरमिजी होतात, कौलं पिवळट दिसतात आणि मनोऱ्यांचा काँक्रीट-काचेचा सांगाडा थंड, राखाडी राहतो. इमारत कुठे संपते आणि जिवंत काय आहे, हे एका नजरेत कळतं. वास्तुछायाचित्रणात मला या फिल्मचं मोल वाटतं ते एवढ्यासाठीच.

साध्या रंगीत फिल्मचे तीन थर निळा, हिरवा आणि लाल प्रकाश टिपतात. या फिल्मचे थर हिरवा, लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश टिपतात. निळा प्रकाश तिन्ही थरांवर उमटतो, म्हणून भिंगावर पिवळा फिल्टर हवाच. फिल्म धुतल्यावर हिरवं ते निळं, लाल ते हिरवं आणि अवरक्त ते लाल होतं. पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषतं, पण आतल्या पेशींची रचना अवरक्त प्रकाश जोरात परत फेकते. तोडलेली फांदी सुकत गेली की ही लाली उतरते. दुसऱ्या महायुद्धात झाडोऱ्याआड लपवलेल्या तोफा हुडकायला ही फिल्म वापरली गेली, ती याच गुणामुळे.

आपल्याकडे तिचं मोठं काम माडांवर झालं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक डॉ. पी. आर. पिशारोटी यांनी 1970 च्या सुमारास केरळात हेलिकॉप्टरमधून अशी छायाचित्रं घेऊन नारळावरच्या मर रोगाचा माग काढला. भारतातल्या दूरसंवेदनाची ती सुरुवात. 1988 मध्ये बंगळुरूच्या इस्रो केंद्रात घडलेला आयआरएस-1ए हा दूरसंवेदन उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या चित्रांतही शेतं, जंगलं लालच रंगवली जात, या फिल्मच्याच रिवाजानं.

वापरायला मात्र ही फिल्म फार हट्टी. रोल फ्रीझरमध्ये ठेवायचा, कॅमेऱ्यात मिट्ट काळोखात भरायचा. काही कॅमेऱ्यांत फिल्म मोजणारा आतला अवरक्त दिवाच ती खराब करतो. मीटरला अवरक्त प्रकाश नीट कळत नाही, म्हणून एकाच दृश्याचे दोन-तीन फोटो कमी-जास्त प्रकाशात घ्यावे लागतात. कोडॅकनं 2009 च्या सुमारास तिचं उत्पादन थांबवलं. संगणकावर हिरव्याचं लाल करता येतं, पण तो नुसता रंग बदलणं झालं. पानानं परत फेकलेला प्रकाश त्यात नसतो.

कुणाच्या फ्रीझरमध्ये जुना रोल पडून असेल, तर तो व्हाइटफील्डवर खर्च करा. आधी कौलारू बंगला घ्या, मग वरथूर तळं. तिथे पाणी काळं उमटेल आणि त्यावर जलपर्णी पसरलेली असेल, तर ती लालभडक.