केळं, गूळ आणि पंखाचं गाणं

बंगळुरूच्या आमच्या स्वयंपाकघरात येलक्की केळी पिकायला लागली की चिलटं आलीच. पूर्वी मी ती हाकलत असे. गेल्या पावसाळ्यात मात्र बरणीत केळ्याचा तुकडा आणि गुळाचा खडा ठेवला, सात-आठ चिलटं आत शिरल्यावर तोंडाला मलमलचं फडकं बांधलं आणि भिंग घेऊन बसले.

नर मादीच्या मागे लागतो. पुढच्या पायाने तिला हलकेच शिवतो, तिच्याभोवती फिरतो आणि मग एकच पंख आडवा पसरून थरथरवतो. आपल्याला ऐकू येत नसलं तरी हे त्याचं गाणं असतं. ती चालू लागली की पंख मिटतो आणि पाठलाग पुन्हा सुरू होतो. ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर या चिलटाच्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतर सुमारे ३५ मिलिसेकंद असतं. त्याच्या अगदी जवळच्या सिम्युलन्स प्रजातीत ते ५० च्या आसपास जातं. भिंगाखालीही या दोन प्रजातींच्या माद्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखणं कठीण. पण लय आणि अंगाचा वास यांवरून त्यांना आपला नर कळतो. शेजारी राहूनही प्रजाती वेगळ्या राहतात, त्या अशा.

हे वेगळेपण मुळात येतं कुठून? त्याचा शोध याच शहरात, जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात, प्रा. अमिताभ जोशी यांच्या प्रयोगशाळेत घेतला गेला. तिथेही चिलटांचं खाणं केळी-गुळाचंच, जोडीला जवाचं पीठ आणि यीस्ट. काचेच्या नळ्यांत मोजून अंडी ठेवायची. अंड्यातून अळी, अळीचा कोष, कोषातून चिलट. कोष फुटू लागले की दर दोन तासांनी नळ्या तपासायच्या आणि सर्वांत आधी बाहेर पडलेली साधारण पाव हिस्सा चिलटं तेवढी निवडायची. तिसऱ्या दिवशी त्यांची अंडी घेऊन पुढची पिढी सुरू. तुलनेसाठी मूळ वंशाची चिलटं २१ दिवसांच्या निवांत चक्रावर वेगळी वाढवायची. हे काम गेल्या शतकाच्या अखेरीस सुरू झालं आणि शेकडो पिढ्या चाललं. रात्री-अपरात्री त्या नळ्या तपासणाऱ्या विद्यार्थ्यांच्या चिकाटीला मी मनापासून दाद देते.

लवकर मोठं व्हायचं तर अळीला खायला वेळ कमी मिळतो. त्यामुळे घाईच्या वंशातली चिलटं पिढ्यान्‌पिढ्या लहान होत गेली. २०१२ मध्ये शंपा घोष आणि जोशी यांनी दोन्ही वंश एकत्र आणल्यावर काय होतं ते प्रसिद्ध केलं. एकाच पूर्वजाच्या या वंशजांत आता दुरावा होता. मीलन आपापल्या वंशात अधिक होत होतं आणि मोठ्या नराशी जुळलेल्या छोट्या माद्या जास्त मरत होत्या. संशोधकांनी निवड फक्त वेगाची केली होती. दुरावा त्या निवडीबरोबर आपोआप आला. ही पूर्ण नवी प्रजाती नव्हे, पण तिच्याकडे जाणारी वाट नक्कीच आहे.

निसर्गात नळीच्या काचेचं काम एखादी खिंड करते. बंगळुरूच्याच नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमध्ये (एनसीबीएस) व्ही. व्ही. रॉबिन आणि उमा रामकृष्णन यांनी पश्चिम घाटाच्या माथ्यावरच्या शोला रानांतल्या पक्ष्यांची जनुकं तपासली. पालघाट खिंडीच्या उत्तरेला नीलगिरी शोलाकिळी राहते, दक्षिणेला पांढऱ्या पोटाची शोलाकिळी. थंड माथ्यावरच्या या पक्ष्यांना मधला उष्ण सखल पट्टा ओलांडवत नाही. लाखो वर्षं भेट न झाल्याने त्यांच्या दोन प्रजाती झाल्या. म्हणून खिंडीच्या एका बाजूचं शोलाचं रान तोडलं, तर पलीकडच्या बाजूचं रान त्याची भरपाई करू शकत नाही.

माझ्या बरणीत दहाव्या-अकराव्या दिवशी नवी चिलटं बाहेर आली. फडकं सोडून मी ती अंगणातल्या पपईकडे जाऊ दिली. तुमच्याही घरी केळ्यांवर चिलटं येतीलच. हाकलण्याआधी मुलांच्या हाती एक भिंग द्या आणि पाच मिनिटं त्यांच्याबरोबर बसा. तो एक आडवा पसरलेला पंख त्यांनी एकदा तरी पाहायला हवा.