पडद्यावरील खिडक्या आणि कामकऱ्याची बोटे



या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला म्हणजे तो महागाई, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरतात. आज आम्ही त्यांची थोडी निराशा करणार आहोत. संगणकाच्या पडद्यावर ज्या चौकटी उघडतात, ज्यांना खिडक्या म्हणण्याचा प्रघात आहे, त्या कशा मांडाव्यात आणि माऊसला फारसा हात न लावता कळफलकावरून त्यांचा कारभार कसा चालवावा, हा आमचा विषय आहे. आमचे शालेय शिक्षण सातवीपाशी थांबले. संगणकही आम्ही वर्गात बसून शिकलो नाही. युनियनच्या कचेरीत, चुका करीत करीत शिकलो. परंतु ज्याने हत्यार वापरले आहे त्याला त्या हत्याराविषयी बोलण्याचा अधिकार असतो, अशी आमची समजूत आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका चुकीमुळे. ती चूक आमचीच असल्याने ती प्रथम सांगणे योग्य.

२०१६ साली एका बंद पडलेल्या कारखान्यातील कामगारांचे ग्रॅच्युइटीचे दावे आम्ही तयार करीत होतो. त्या वेळी लागू असलेल्या १९७२ च्या कायद्याचा हिशेब सोपा होता. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून शेवटचा जो महिन्याचा पगार, त्याला सव्विसाने भागावयाचे, पंधराने गुणावयाचे, आणि मग नोकरीच्या वर्षांनी गुणावयाचे. एका फिटरचा असा पगार होता १३,००० रुपये. दिवसाचे झाले ५००, पंधरा दिवसांचे ७,५००, आणि बावीस वर्षांचे १,६५,०००. आमच्या तक्त्यात मात्र त्याच्या नावापुढे ९०,००० पडले होते.

हे झाले कसे? नोकरीच्या नोंदवहीची छायाचित्रे एका खिडकीत, पगारपत्रक दुसरीत आणि दाव्याचा तक्ता तिसरीत, अशा तिन्ही खिडक्या एकमेकींवर पडलेल्या होत्या. एकीतला आकडा पाहावयाचा, डोक्यात धरावयाचा, माऊसने दुसरी खिडकी वर काढावयाची, योग्य ओळ शोधावयाची आणि आकडा तिथे उतरवावयाचा. रात्री अकराच्या सुमारास केव्हा तरी शेजारच्या ओळीतली बारा वर्षे आम्ही या फिटरच्या नावावर चढवली. सहीला आला तेव्हा त्याने कागद सावकाश वाचला आणि विचारले, "भाऊ, माझी दहा वर्षं कुठं गेली?"

७५,००० रुपयांची ती चूक. त्याने वाचले म्हणून निस्तरली. पण आमच्यावर विश्वास टाकून न वाचता सही करून गेलेले पुष्कळ होते. त्या धास्तीने आम्ही सर्व तक्ता पुन्हा तपासला, तेव्हा आणखी दोन चुका सापडल्या. लोक म्हणाले, थकवा आला असेल. थकवा होताच, पण थकलेल्या माणसाच्या हातूनही काम नीट व्हावे, हीच चांगल्या हत्याराची कसोटी नव्हे काय? दोन कागद शेजारी शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून पाहणारा जुन्या काळचा कारकून जे सहज करीत असे, ते आम्ही हजारो रुपयांचे यंत्र समोर ठेवून करीत नव्हतो.

आता या खिडक्यांचा थोडा इतिहास पाहू. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट या अमेरिकन संशोधकाने एक प्रात्यक्षिक केले. त्यात माऊस लोकांपुढे आला आणि एकाच पडद्याचे भाग पाडून त्यांत निरनिराळा मजकूर दाखवता येतो हेही दिसले. पुढे १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात आल्टो नावाचा संगणक तयार झाला. टेबलावर कागदांवर कागद पडावेत तशा एकमेकींवर चढणाऱ्या खिडक्या तिथे वाढीस लागल्या. १९८४ च्या मॅकिन्टॉशमुळे ही रीत घरोघर पोचली.

परंतु याच कंपनीने १९८१ मध्ये स्टार नावाचा संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या रचनाकारांनी खिडक्या सहसा एकमेकींवर चढू नयेत अशी व्यवस्था केली. कारण आल्टोवर काम करणारी माणसे खिडक्या सरकवण्यातच बराच वेळ घालवतात, हे त्यांनी पाहिले होते. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजची १९८५ ची पहिली आवृत्तीही खिडक्या शेजारी शेजारीच मांडत असे. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्या एकमेकींवर चढू लागल्या. म्हणजे कागदांच्या ढिगाची पद्धत आणि फरशीची पद्धत या दोन्ही जुन्याच. ढिगाची पद्धत जिंकली, आणि फरशीची पद्धत काही काळ मागे पडली.

फरशी हा शब्द आम्ही जाणून वापरतो. गवंडी फरशी बसवतो तेव्हा एक लादी दुसरीवर चढत नाही आणि मध्ये जागाही मोकळी राहत नाही. पडद्याची जागा अशी पुरेपूर वाटून देणे, याला आपण फरशीमांडणी म्हणू.

आता प्रत्यक्ष कृती. ज्यांच्याकडे विंडोज आहे त्यांना काही विकत घेण्याची गरज नाही. कळफलकावर चार चौकोनांचे चिन्ह असलेली कळ असते. तिला विंडोज कळ म्हणतात. ती दाबून धरावी आणि डाव्या बाणाची कळ दाबावी. समोरची खिडकी पडद्याचा डावा अर्धा भाग व्यापते. उजवा बाण दाबला तर उजवा अर्धा. २००९ च्या विंडोज ७ पासून ही सोय आहे. पुढच्या आवृत्त्यांत डाव्या बाणानंतर वरचा किंवा खालचा बाण दाबला तर खिडकी पाव भागात बसते, म्हणजे चार खिडक्या एका वेळी डोळ्यांसमोर राहतात. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये विंडोज कळीबरोबर झेड दाबला की मांडणीचे तयार नकाशेच पुढे येतात. ॲपलच्या संगणकांत अशी सोय २०२४ च्या सिकोया आवृत्तीत आली. तिथे एफएन आणि कंट्रोल या कळा धरून बाण दाबावयाचा.

एका खिडकीतून दुसरीत जाण्यासाठी ऑल्ट धरून टॅब दाबावी. हे पुष्कळांना ठाऊक असते. पण विंडोज कळीबरोबर आकडा दाबला, तर खालच्या पट्टीवरील त्या क्रमांकाचा कार्यक्रम थेट पुढे येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आमच्या पट्टीवर पहिला तक्ता, दुसरे पत्रलेखन आणि तिसरा ब्राउझर आहे. क्रम कधी बदलत नाही, म्हणून बोटांना विचार करावा लागत नाही. स्वयंपाकघरात मिठाची बरणी जागच्या जागी असली म्हणजे अंधारातही हात तिच्यावर पडतो, तसेच हे.

तिसरी गोष्ट वेगवेगळ्या टेबलांची. विंडोज १० पासून विंडोज कळ, कंट्रोल आणि डी या तीन कळा एकदम दाबल्या की एक नवे रिकामे टेबल मिळते. विंडोज कळ आणि कंट्रोल धरून डावा-उजवा बाण दाबला की एका टेबलावरून दुसऱ्यावर जाता येते. आम्ही एका टेबलावर दावे ठेवतो, दुसऱ्यावर पत्रव्यवहार आणि तिसऱ्यावर सभासदांची वर्गणी. दाव्याच्या टेबलावर वर्गणीचा तक्ता उघडावयाचा नाही, असा कचेरीचा नियमच आहे. समोर नसलेल्या ओळीतला आकडा चुकून उचलता येत नाही.

हे झाले हाताने फरशी बसवणे. यापुढची पायरी म्हणजे गवंडीच ठेवणे. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या मोफत संचात फॅन्सीझोन्स नावाचे साधन आहे. त्यात पडद्याचे भाग आपण आखून ठेवावयाचे. शिफ्ट धरून खिडकी ओढली की ती त्या भागात नेमकी बसते. लिनक्स वापरणाऱ्यांकडे तर पुरा गवंडी असतो. २००६ मध्ये डीडब्ल्यूएम, २००७ मध्ये एक्समोनॅड आणि २००९ मध्ये मायकेल श्टापेलबर्ग यांचा आय३, असे कार्यक्रम निघाले. ते कोणालाही मोफत घेता येतात आणि त्यांचा आतला मजकूर वाचता व बदलताही येतो.

आय३ ची रीत अशी. पहिली खिडकी उघडली की ती सगळा पडदा घेते. दुसरी उघडली की दोघी अर्धा अर्धा वाटून घेतात. कोणी कोणाला झाकत नाही. वाटणी उभी की आडवी, हे आपण एका कळीने सांगावयाचे. एक खिडकी बंद केली की उरलेल्या तिची जागा आपोआप घेतात. मुख्य कळ धरून आकडा दाबला की त्या क्रमांकाचे टेबल येते. तीच कळ शिफ्टबरोबर धरून आकडा दाबला की समोरची खिडकी त्या टेबलावर जाते. सर्व नियम एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेले असतात आणि ते आपल्याला बदलता येतात. आमच्या कचेरीतल्या जुन्या यंत्रांवर विंडोज ११ बसत नव्हते, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा कचेरीत टंकलेखन करणारी मुलगी म्हणाली, "काका, ही यंत्रं भंगारात कशाला घालता? लिनक्स घालू." तिने ते घातले, आणि आय३ तिनेच आम्हांला शिकवला. पहिले आठ दिवस आम्ही तिच्यावर चिडत होतो, हेही नमूद केले पाहिजे.

म्हणून शिकण्याची रीत सांगतो. पन्नास कळांची यादी भिंतीवर चिकटवू नये. ती कोणी वाचत नाही. एका आठवड्यात दोनच जोड्या घ्याव्यात: पहिल्यात डावा-उजवा अर्धा भाग, दुसऱ्यात आकड्याने कार्यक्रम काढणे, तिसऱ्यात टेबले. आणि मांडणीचा एकच प्रश्न स्वतःला विचारावा: या कामात काय ताडून पाहावयाचे आहे? जे ताडावयाचे ते शेजारी, जे एकाग्रतेने वाचावयाचे ते पूर्ण पडद्यावर, आणि ज्याची आता गरज नाही ते दुसऱ्या टेबलावर.

एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. आमच्या कचेरीत काम करणाऱ्या एका सभासदाची डाव्या हाताची तीन बोटे पॉवर प्रेसखाली गेली आहेत. तीन कळा एकदम दाबा, हे त्याला सांगणे म्हणजे थट्टाच. त्याच्या विंडोजच्या यंत्रावर शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की एक सोय सुरू करता येते. तिचे नाव स्टिकी कीज. मग कळा एकदम न दाबता एकामागून एक दाबल्या तरी चालतात. तो आज आमच्यापेक्षा वेगाने खिडक्या मांडतो. ज्यांची मनगटे माऊसने दुखतात त्यांनाही कळफलकाने आराम पडू शकतो. मात्र कळांवरही अति ताण दिला तर अंगठे दुखतात. मध्ये उठावे, हात मोकळे करावेत. यंत्र कोणतेही असो, विश्रांतीला पर्याय नाही.

शेवटी एक शंका, जी आमचे सहकारीच आम्हांला विचारतात. "कार्यक्षमता" हा तर मालकांचा शब्द; तो तुमच्या तोंडी कसा? शंका रास्त आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सुमारे सहा महिने संप केला, त्याच्या मुळाशी हाच शब्द होता. विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत, अशा योजना कार्यक्षमतेच्या नावाने येत होत्या. तिसरा माग आला की कोणाचा घाम वाढतो आणि कोणाची नोकरी जाते, हे त्या कामगारांना पक्के ठाऊक होते. आजही कोणती खिडकी किती मिनिटे उघडी होती आणि किती कळा दाबल्या गेल्या, हे मोजणारे कार्यक्रम कचेऱ्यांतून बसवले जातात. खिडक्या भराभर मांडता येतात म्हणून दुप्पट काम गळ्यात पडणार असेल, तर ती तिसऱ्या मागाचीच नवी आवृत्ती होय, आणि तिच्याशी झगडावेच लागेल.

पण म्हणून कसब टाकून द्यावे काय? विणकराने आपले कसब कधी टाकले नाही. त्या कसबाच्या भावाबद्दल तो भांडला. कळफलकाचे हे ज्ञान आपल्या बोटांत राहते, आणि नोकरी बदलली तरी ते आपल्याबरोबर येते. त्यातून वाचलेला वेळ कोणाचा, हा प्रश्न वाटाघाटीच्या टेबलावर सोडवावयाचा आहे.

आमच्या कचेरीत आता प्रत्येक दावा नोंदवही डावीकडे आणि तक्ता उजवीकडे ठेवूनच भरला जातो. मग ज्याचा दावा त्याला शेजारी बसवून दोन्ही बाजू दाखवतो आणि त्याची वर्षे त्यालाच मोजावयास सांगतो. तो मोजतो, मान हलवतो, आणि मगच सही करतो.