अक्कलदाढ कुठल्या वाटेने बाहेर येणार?

दाढ चिमट्यात पकडायची आणि ओढायची, एवढीच आपली कल्पना असते. खालच्या जबड्यातली अडकलेली अक्कलदाढ नुसत्या जोराने निघत नाही. एक्स-रे हातात आला की सर्जन आधी एकच गोष्ट शोधतात: हिला बाहेर यायला वाट कुठून आहे?

साधारण 17 ते 25 या वयात ही दाढ येते, तेव्हा अनेकांच्या जबड्यात जागाच उरलेली नसते. मग ती हाडातच तिरकी किंवा आडवी अडकते. जॉर्ज विंटर यांनी 1926 मध्ये दाढेच्या कलावरून केलेली वर्गवारी आजही वापरात आहे. आडवी दाढ पाहून रुग्ण धास्तावतो, पण अनेकदा जास्त घाम काढते ती मागे कललेली दाढ. एक्स-रेत ती बरीच सरळ दिसते. उचलायला गेलं की मागच्या उभ्या हाडावर जाऊन अडते.

म्हणून दाढ अखंड काढण्याचा हट्ट सोडावा लागतो. हिरडी बाजूला सारून भोवतीचं थोडं हाड घासतात आणि दाढेचे तुकडे करतात. ड्रिल चालू असताना सलाइनची धार थांबू द्यायची नाही, कारण 47 अंश सेल्सिअसची उष्णता मिनिटभर टिकली तरी हाडाला इजा होऊ शकते. यातलं खरं कसब पुढे आहे. दाढ आरपार कापत नाहीत. जिभेकडचा थोडा भाग शिल्लक ठेवतात, खाचेत अवजार घालून हलकेच पिळतात आणि दाढ तडकवतात. कारण त्या बाजूला, हाडाच्या पातळ भिंतीपलीकडे जिभेची नस असते आणि ती एक्स-रेत दिसत नाही.

खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना वाहणारी दुसरी नस हाडातल्या नलिकेतून जाते. ओपीजीत, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, या नलिकेच्या दोन पांढऱ्या रेषा दिसतात. मुळाजवळ त्या तुटल्या, किंवा मूळ तिथे काळपट दिसलं, तर सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन करून घ्यावाच. इथे खर्चाचा विचार करू नये.

वयाचाही फरक पडतो. विशीच्या सुरुवातीला मुळं अनेकदा अपुरी असतात आणि हाडही लवचीक असतं. पुढे मुळं पूर्ण होतात, हाड कडक होतं आणि काम अवघड होत जातं. मुळं नसेला अगदी बिलगून असतील आणि दाढ किडलेली नसेल, तर फक्त वरचा भाग कापून मुळं तशीच ठेवण्याचा मार्ग आहे. काही रुग्णांत ही मुळं पुढे हळूहळू वर सरकतात. काढायची वेळ आलीच, तर तोवर ती नसेपासून दूर गेलेली असतात.