वेंगुर्ला खडक : सागरी पक्ष्यांची वसाहत

महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ला बंदराच्या पश्चिमेस अरबी समुद्रात सु. १५ किमी. अंतरावर असलेला लहान खडकाळ बेटांचा समूह. इंग्रज दर्यावर्दी यांना ‘जळकी बेटे’ म्हणत. एका बेटावर दीपगृह आहे. बेटे उघडीबोडकी असून त्यांवर शेती नाही. पक्ष्यांना ती मानवतात ती याचमुळे.

सागरी पक्षी आयुष्याचा बराच काळ समुद्रावर काढीत असले, तरी अंडी घालण्यासाठी त्यांना भूमीचा आश्रय घ्यावाच लागतो. कोल्हा, मुंगूस, मांजर यांसारखे शत्रू पोहोचू शकत नाहीत अशी भूमी थोडी. म्हणून ते तेथे दाटीने एकत्र येतात. याचे ठळक उदाहरण म्हणजे उत्तर अटलांटिकमधील गॅनेट. स्कॉटलंडजवळील बास रॉक या एकाच खडकावर २०१४ च्या गणनेत त्याची सु. ७५,००० जोडपी आढळली. गॅनेट भारतात वीण करीत नाही. त्याच्या सुलिडी कुलातील बूबी पक्षी तेवढे पावसाळी वादळांत कोकण किनाऱ्यावर थकलेल्या स्थितीत क्वचित सापडतात.

वेंगुर्ला खडकांवर मुख्यतः सुरय पक्ष्यांची वीण होते. त्यांपैकी ऑनिकोप्रिऑन ॲनिथेटस ही जाती विशेष उल्लेखनीय आहे. मादी खडकाच्या कपारीत किंवा दगडाच्या आडोशाला एकच अंडे घालते. बेटांवरील गुहांत भारतीय पाकोळी (एरोड्रॅमस युनिकलर) घरटी करते. काळोखात टकटक असा ध्वनी काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून ती मार्ग शोधते. तिचे घरटे लाळेने चिकटवून केलेले असते. अशा घरट्यांना चिनी खाद्यपदार्थांसाठी मोठी मागणी असल्याने येथे त्यांची चोरटी तोड वेळोवेळी झाली आहे. घरटे गेले, की पक्षी ते पुन्हा बांधू लागतो. पण तोवर हंगामाचा मोलाचा काळ निघून जातो.

ॲलन ह्यूम यांनी १८७५ मध्ये या बेटांना भेट दिली. पुढे हुमायून अब्दुलअली यांनी येथील सुरय व पाकोळ्यांविषयीचे लेख १९४० व १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ते अजूनही वाचनीय आहेत.

दाटीच्या वसाहतीत एकच आघात सर्वांना भोवतो. २०२२ मध्ये बर्ड फ्लूची साथ आल्यानंतर बास रॉकवरील गॅनेटांची संख्या २०२३ मध्ये सु. ५२,००० जोडप्यांपर्यंत खाली आली. वेंगुर्ल्याची वसाहत त्या मानाने फारच लहान आहे. विणीच्या काळात माणसे बेटावर उतरली, की सुरय एकदम उडतात आणि उघडी पडलेली अंडी उन्हात तापतात.